बीडच्या रस्त्यांसाठी गिअरची सायकल: कमी बजेटमध्ये कोणती घ्यायची, आणि नंतर पार्ट बदलण्यात पैसे घालायचे का?

दहा हजार ते वीस हजार रुपये. बीड जिल्ह्यात 'गिअरची सायकल' घ्यायची म्हटलं की बहुतेक घरांचा आकडा याच दरम्यान अडकतो. कुणाला पोलीस भरतीसाठी दम वाढवायचा असतो, कुणाला गावाहून तालुक्याच्या कॉलेजला जायचं असतं, कुणाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं असतं. दुकानात गेलं की समोर दोन सायकली उभ्या राहतात. पहिली नऊ-साडेनऊ हजारांची. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, 21 गिअर आणि डोळ्यांत भरणारा हिरवा रंग. दुसरी पंधरा-सोळा हजारांची. साधा सरळ चिमटा, मागे शॉकअप नाही, रंग काळा, दिसायला अगदीच गरीब.

मग ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "आत्ता ही स्वस्तातली घ्या, पुढे हळूहळू एकेक पार्ट बदलून घेता येईल."

हे वाक्य निम्मं खरं आहे. काही पार्ट जरूर बदलता येतात आणि त्यातले काही बदलायलाच हवेत. पण ज्या पार्टमुळे सायकल 'चांगली' ठरते, ते बहुतेक वेळा स्वस्त फ्रेमवर बसतच नाहीत. बसलेच तर त्यांचा खर्च दोन्ही सायकलींच्या किमतीतल्या फरकाच्याही पुढे जातो. हे कसं होतं ते समजून घेतलं की दुकानातला निर्णय बराच सोपा होतो.

माउंटन बाइक आली कुठून?

1970च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून कच्च्या रस्त्यानं खाली सुटायचे. 1976 साली त्यांनी तिथल्या एका उतारावर शर्यत सुरू केली. तिचं नाव 'रीपॅक'. त्या सायकलींना पेडल उलटं दाबलं की लागणारा, मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक असायचा. उतार संपेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. नाव पडलं ते त्यावरून. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही मंडळी त्यातूनच पुढे आली. 1981 मध्ये 'स्पेशलाइज्ड' कंपनीनं 'स्टम्पजंपर' बाजारात आणली आणि माउंटन बाइक कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. 1996च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून हा ऑलिम्पिकमधला खेळ आहे.

आपल्याकडे मात्र ही सायकल आधी आली ती दिसण्यातून. सरळ हँडल, जाड टायर, पण गिअर एकच. 'हीरो'च्या रेंजर मॉडेलमुळे अशा कुठल्याही सायकलला 'रेंजर' म्हणायची सवय अनेक गावांत अजून आहे. आज दहा हजारांच्या आतल्या बऱ्याच 'एमटीबी' म्हणजे त्या रेंजरलाच शॉकअप आणि गिअर लावून पुढे आलेल्या सायकली आहेत. त्यात वाईट काही नाही. फक्त नळीवर 'एमटीबी' असं स्टिकर आहे म्हणून ती डोंगरातल्या दगडधोंड्यांवरून उड्या मारायला बनवली आहे, असं समजू नये. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेतच उड्या आणि स्टंटसाठी ही सायकल नाही, असं छापलेलं असतं. ती पुस्तिका कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

बीडमध्ये सायकलला काय सोसावं लागतं?

बालाघाटाची रांग या जिल्ह्यातून आडवी जाते. उत्तरेला गेवराई, माजलगावकडे गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन. पाटोदा, केज, अंबाजोगाईकडे वर चढलं की पठार, मुरूम आणि दगड. या दोन पातळ्यांच्या मध्ये घाट. बीडहून सोलापूरच्या दिशेनं निघालं की मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. धारूरलाही घाट चुकत नाही. रविवारी सकाळी कपिलधारला किंवा नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूला जाऊन यायचं तर चढ आलाच, आणि परतीचा उतारही आला.

म्हणजे इथे सायकलीकडून चार गोष्टी हव्यात. चढावर पाय भरून येणार नाहीत असा हलका गिअर. उतारावर भरवशाचा ब्रेक. पावसाळ्यात काळा चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये अडकून चाक जाम होणार नाही इतकी जागा. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची आणि दुकानात कुणीच न सांगणारी गोष्ट: काटे.

बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि जमिनीलगत पसरणारा सराटा. रस्त्याच्या कडेला, नदीपात्रात, बांधावर वेडी बाभूळ माजलेली असते. कुंपणाला तोडून टाकलेल्या फांद्यांचे काटे वाळून पायवाटेवर येतात. सराट्याचं बोंड तर असं असतं की कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. इथल्या सायकलस्वाराचा घात शॉकअप नसल्यानं क्वचितच होतो. पंक्चरनं मात्र दर आठवड्याला होऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या पंक्चरनंतर सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि मग तिथेच राहते.

शॉकअपचं आकर्षण

स्वस्त सायकलीच्या पुढच्या शॉकअपमध्ये साधारणपणे एक स्प्रिंग असते आणि फारसं दुसरं काही नसतं. खड्ड्यात गेल्यावर स्प्रिंग दबते, हे ठीक. पण दबलेली स्प्रिंग उसळते, आणि ती उसळी आवरायला आत तेलाची यंत्रणा लागते. महागड्या शॉकअपमध्ये पैसे जातात ते त्यासाठी. ती नसेल तर हँडल खड्ड्यानंतरही दोन-तीनदा वरखाली होत राहतं. घाट चढताना उभं राहून पेडल मारलं की पायाचा जोर चाकाकडे जाण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो. मागेही शॉकअप असेल तर हा प्रकार दुप्पट.

धुळीचा त्रास वेगळाच. शॉकअपच्या दांड्या वर-खाली होतात तिथे बारीक माती शिरते, आतल्या चकत्या झिजतात आणि वर्ष-दीड वर्षात पुढचा ब्रेक दाबला की हँडल खटखट वाजायला लागतं. त्याचे सुटे भाग मिळणं अवघड. मिळाले तरी ते बसवायला होणारा खर्च त्या शॉकअपच्या किमतीला परवडत नाही.

वजनाचा मात्र उगाच बाऊ केला जातो. दोन्हीकडे शॉकअप असलेली लोखंडी सायकल साधारण 18-19 किलोची, तर ॲल्युमिनियमची साधी एमटीबी 15 किलोच्या आसपास. चार किलोचा फरक मोठा वाटतो. पण घाट चढताना सायकल आणि माणूस दोघांचंही वजन वर न्यायचं असतं. 65 किलोच्या माणसासाठी 84 आणि 80 किलो, म्हणजे फरक सुमारे पाच टक्क्यांचा. जाणवतो, पण चढ जमेल की नाही हे त्यावर ठरत नाही. ते ठरतं गिअरवर.

पाठीला आणि मनगटाला बसणारे हादरे कमी करायचे असतील तर दोन इंचांच्या आसपासचा रुंद टायर पुष्कळ काम करतो. तो दगडासारखा टणक न भरता साधारण 35 ते 40 पीएसआय हवेवर चालवला की मुरमाच्या रस्त्यावर फरक लगेच कळतो. याहून फार कमी हवा ठेवली तर मात्र खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेमटून फुटते.

21 गिअर म्हणजे किती?

गिअरची संख्या हा दुकानातला सगळ्यात फसवा आकडा. पुढे तीन चकत्या, मागे सात, तीन गुणिले सात एकवीस. यातले बरेच गिअर एकमेकांच्या अगदी जवळचे असतात आणि काही वापरायचेच नसतात, कारण चेन तिरकी ओढली जाते. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सगळ्यात हलका गिअर किती हलका?

त्यासाठी दोनच आकडे लागतात. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात. पुढच्याला मागच्यानं भागायचं. साडेसत्तावीस इंची चाक एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर जातं. पुढे 28 आणि मागेही 28 दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल 2.2 मीटर पुढे जाईल. पुढे 24 आणि मागे 34 असतील तर फक्त दीड मीटरच्या किंचित पुढे. मिनिटाला 60 वेळा पेडल फिरवलं तर पहिल्या सायकलीला ताशी आठ किलोमीटरचा वेग टिकवावा लागेल, दुसरीवर साडेपाचनं चालेल. घाटात शेवटच्या वळणावर दम संपलेला असताना हाच फरक बसून चढणं आणि उतरून ढकलणं यातला फरक ठरतो. तुलनेसाठी, पुढे 44 आणि मागे 18 दात असलेली जुनी दांड्याची सायकल एका फेऱ्यात सव्वापाच मीटरच्या पुढे जाते. तीवरून आजोबा घाट चढले, अशी गोष्ट प्रत्येक घरात असते. बहुतेक वेळा ते उतरून चढलेले असतात.

दात मोजायला दुकानदाराची परवानगी लागत नाही. बऱ्याच चकत्यांवर आकडा कोरलेलाही असतो.

गिअर बदलणारी यंत्रणा कोणाची आहे, हेही पाहायला हवं. या किमतीत बहुधा शिमानोची 'टूर्नी' मालिका मिळते, थोडं वर गेलं की 'आल्टस', त्याच्या वर 'एसेरा'. तैवानची 'मायक्रोशिफ्ट'ही चालते. टूर्नीला नावं ठेवायची पद्धत आहे, पण नीट सेट केलेली टूर्नी रोजच्या वापराला पुरते आणि तिचे पार्ट तुलनेनं सहज मिळतात. धोका असतो तो कसलंच नाव नसलेल्या यंत्रणेचा. शिवाय फक्त मागचा डिरेलर नामांकित कंपनीचा लावून बाकी सगळं बिननावाचं, असंही होतं. हँडलवरचे शिफ्टर बघितले की ते लगेच उघडं पडतं.

फ्रेममध्येच ठरून गेलेल्या गोष्टी

नंतर अपग्रेड करू, या योजनेचा खरा निकाल इथे लागतो. फ्रेम हा सायकलचा पाया. घराला नंतर रंग देता येतो, खिडक्या बदलता येतात, पण पायाची रुंदी बदलत नाही.

चिमट्याची नळी फ्रेममधून वर हँडलपर्यंत जाते. जुन्या पद्धतीत तिला आटे असतात आणि हँडलचा दांडा आत खुपसलेला असतो. नव्या पद्धतीत नळी बिनआट्याची असते आणि हँडल बाहेरून बोल्टनं आवळलेलं असतं. आट्याची नळी असेल तर चांगला चिमटा किंवा शॉकअप नंतर लावायचा विचार तिथेच संपला. बिनआट्याची असली तरी बजेट फ्रेमला ती बहुधा वरपासून खालपर्यंत सारखी, 28.6 मिलिमीटर जाडीची असते. हवेवर चालणारे चांगले शॉकअप आता मुख्यतः खाली जाड होत जाणाऱ्या नळीचे येतात. ते या फ्रेममध्ये जात नाहीत. आणि जाणारा मिळाला तरी त्याची किंमत पंधरा हजारांच्या पुढे सुरू होते, म्हणजे सायकलीइतकीच.

मागचं चाक ही दुसरी जागा. सात गिअरच्या स्वस्त सायकलींत चकत्यांचा गठ्ठा हबवर आट्यानं फिरवून बसवलेला असतो. हे आपलं नेहमीचं फ्रीव्हील. त्यात उजव्या बाजूचे छर्रे बरेच आत राहतात आणि एक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय उरतो. जड माणूस, मागच्या कॅरियरवर सामान आणि खड्ड्यांचा रस्ता एकत्र आले की एक्सल वाकतो किंवा मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे कडेला असतात, त्यामुळे ती मजबूत. मागे आठ किंवा नऊ चकत्या असतील तर कॅसेट असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही. सरळ विचारून घ्यावं. फ्रीव्हीलच्या हबवर कॅसेट चढत नाही. त्यासाठी हब, म्हणजे व्यवहारात अख्खं चाकच बदलावं लागतं.

ब्रेकचंही तसंच. डिस्क ब्रेक बसवायला फ्रेमवर आणि चिमट्यावर वेगळी जागा जोडलेली लागते. ती नसेल तर नंतर वेल्डिंग करून घेणं हा उपाय नाही, विशेषतः ॲल्युमिनियमवर तर मुळीच नाही.

तारेचा डिस्क ब्रेक चांगला की रबराचा रिमवर घासणारा व्ही-ब्रेक? नऊ हजारांच्या सायकलीवरच्या बिननावाच्या डिस्कपेक्षा नीट बसवलेला व्ही-ब्रेक बरा. पण पावसाळ्यात काळ्या मातीतून रोज जाणं असेल तर नामांकित कंपनीची तारेची डिस्क घ्यावी, कारण चिखलात व्ही-ब्रेकची रबरं आणि रिम दोन्ही खरवडली जातात. तेलावर चालणारी डिस्क सगळ्यात सुखाची, पण तेल बदलून हवा काढून देणारा मिस्त्री जवळ असेल तरच.

फ्रेमचा माप हा तर पैशानं न सुटणारा प्रश्न. सायकलीवर बसून न बघता, दांड्यावर दोन्ही पाय टाकून उभं राहून बघावं. दांडा आणि शरीर यांत दोन इंच तरी जागा हवी. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली की पाय खाली जवळजवळ सरळ झाला पाहिजे. 'मुलगा वाढतोय, मोठीच घेऊ' हा शर्टाचा नियम इथे लावू नये.

एक पार्ट बदलायला गेलं की चार बदलतात

समजा चौदा हजारांची सात चकत्यांची सायकल घेतली आणि वर्षानं वाटलं की नऊ चकत्या हव्यात. नऊची कॅसेट आणली. ती फ्रीव्हीलच्या हबवर बसत नाही, म्हणून मागचं चाक. हँडलवरचा शिफ्टर सात खटक्यांचा, म्हणून तो. सहा-सात-आठ चकत्यांची चेन नऊला जाड पडते, म्हणून चेन. जुना डिरेलर मोठी चकती झेपवत नाही, म्हणून तोही. ब्रँड साधा घेतला तरी मजुरीसकट हा खर्च सहज आठ-दहा हजारांच्या आसपास जातो. सायकल झाली बावीस-चोवीस हजारांची, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक तिला चौदा हजारांची जुनी सायकल म्हणूनच मागतं. एवढ्या पैशात सुरुवातीलाच नऊ चकत्यांची सायकल कारखान्यातून जुळवून मिळाली असती, कारण कंपनी हेच पार्ट घाऊक भावात घेते.

मग काय बदलावं? एक सोपी कसोटी आहे. पार्ट झिजल्यामुळे तसाही बदलायचाच आहे का, किंवा पुढची सायकल घेतल्यावर तो काढून तिच्यावर लावता येईल का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर 'हो' असेल तर पैसे घालावेत. टायर, ट्यूब, ब्रेकचे पॅड, तारा आणि त्यांच्या वरच्या नळ्या पहिल्या गटात. सीट, पेडल, ग्रिप, दिवे, पंप दुसऱ्या गटात.

पहिला खर्च टायरवर. दोन-तीनशे रुपयांत मिळणारी काटारोधक पट्टी टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालावी, किंवा ट्यूबमध्ये सीलंट भरावं. सीलंट हा चिकट द्रव छोटी भोकं आतून बुजवतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की तो लवकर वाळतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पाहून पुन्हा भरावा लागतो. काटा बाहेरून दिसला तर लगेच उपटू नये. घरापर्यंत येऊन मग काढावा.

दुसरा खर्च ब्रेकच्या तारांवर. दोन-चारशे रुपयांच्या चांगल्या तारा आणि नळ्या बदलल्या की तोच ब्रेक निराळा लागतो. पॅडचा मसाला एक मिलिमीटरच्या आसपास आला की घाटात जाऊ नये. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवण्याऐवजी दाबून वेग कमी करून सोडावा, वळणाआधी पुन्हा दाबावा. मरीन काउंटीतल्या त्या ग्रीसची गोष्ट इथे कामाला येते.

तिसरी गोष्ट झीज झाल्यावरची. जुनं 14-28 चं फ्रीव्हील झिजलं की त्याच सात चकत्यांचं 14-34 घ्यावं. हा बदल स्वस्त आहे आणि घाटात सगळ्यात जास्त जाणवतो. आधी एवढंच पाहायचं, की आपला डिरेलर 34 दात झेपवतो का. टूर्नीची टीवाय300 आवृत्ती झेपवते, पण काही स्वस्त डिरेलर 28 वरच थांबतात. चेन थोडी लांब लागेल.

चेन झिजली हे ओळखायला साधी पट्टी पुरते. चेनच्या एका पिनेवर शून्य ठेवायचं. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक-अष्टमांश गेली असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलही गेलं, कारण ताणलेल्या चेननं त्याचे दात खाल्लेले असतात. चेनला गाडीचं जळकं ऑइल लावायची आपल्याकडची सवय सोडलेली बरी. ते धूळ ओढतं आणि त्याचा सहाणेसारखा लेप तयार होतो. चेनचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं तेल थेंब-थेंब टाकावं, पाच मिनिटांनी फडक्यानं पुसून घ्यावं. पावसानंतर पुन्हा.

26 म्हणजे कोणता 26?

टायर आणताना तालुक्याच्या ठिकाणी हमखास होणारा घोळ. लेडीज सायकलचा '26 गुणिले एक पूर्णांक तीन-अष्टमांश' टायर आणि एमटीबीचा '26 गुणिले 1.95' टायर, दोन्ही बोलताना 26च. पण पहिल्याच्या रिमचं माप 590 मिलिमीटर, दुसऱ्याचं 559. एक दुसऱ्यावर चढत नाही. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत '50-559' असा आकडा असतो. त्यातला मागचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवावा. साडेसत्तावीस इंचीसाठी तो 584, तर एकोणतीस इंचीसाठी 622. 26 इंचीच्या ट्यूब छोट्या गावातही मिळण्याची शक्यता जास्त असते; एकोणतीस घेतली तर दोन ट्यूब घरात ठेवाव्यात.

व्हॉल्व्हही बघून घ्यावा. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हला अडॅप्टर लागतो.

तीनशे रुपयांचा तुकडा

मागचा डिरेलर फ्रेमला थेट न लावता एका छोट्या मऊ धातूच्या कानाला लावलेला असतो. त्याला हँगर म्हणतात. सायकल उजवीकडे पडली किंवा डिरेलरमध्ये काडी अडकली की हा कान वाकतो किंवा तुटतो, आणि फ्रेम वाचते. तो त्यासाठीच आहे. अडचण अशी की प्रत्येक कंपनीचा, कधीकधी प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. बीडमध्ये नाही मिळाला तर छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा ऑनलाइन. तोवर सायकल उभी. सायकल घेतानाच एक जादा हँगर मागून घ्यावा आणि सीटखालच्या पिशवीत ठेवावा. गिअर एकाएकी खडखडायला लागले तर आधी हँगर वाकलाय का ते बघावं. स्क्रू फिरवत बसू नये.

ऑनलाइन मागवलेली सायकल बहुधा अर्धवट जोडलेली येते, आणि जोडणीतच तिचं अर्धं आयुष्य ठरतं. चिमटा उलटा बसवलेल्या सायकली रस्त्यावर सर्रास दिसतात. डिस्क ब्रेकचा कॅलिपर डाव्या पायाच्या मागच्या बाजूला असला पाहिजे. तो पुढे उजवीकडे दिसला तर चिमटा फिरलाय. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते जोर लावून सुलट फिरवलं तर क्रँकचे आटे जातात. दोन-तीनशे रुपये देऊन गिअरच्या सायकलींची सवय असलेल्या मिस्त्रीकडून जोडून घेतलेली बरी. पहिल्या महिन्यात तारा सैल पडतात आणि चाकाला आऊट येतो, तेव्हा पुन्हा एकदा दाखवावी. सगळं खोलून ओव्हरऑइल करायची वेळ वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. पंधरा हजार मूळ किमतीची सायकल आधी 16,800 ला पडायची, आता 15,750 ला. हे वाचलेले हजारभर रुपये हँगर, काटारोधक पट्टी, पंप आणि मागच्या लाल दिव्यात जावेत. दिवा चैनीचा नाही. ऊस वाहतुकीच्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेला असतो. उंच भरलेल्या ट्रॉलीला ओव्हरटेक करणाऱ्या गाडीला कडेची सायकल फार उशिरा दिसते.

बजेट दहा हजारांच्या पुढे जातच नसेल तर?

तर दोन शॉकअपची गिअरवाली घेण्यापेक्षा गिअर नसलेली साधी मजबूत सायकल घ्यावी. सपाटीवरच्या कॉलेजसाठी ती पुरते, गावातला मिस्त्री ती डोळे मिटून दुरुस्त करतो, आणि पुढच्या सायकलीसाठी पैसे बाजूला पडतात. घाट चढायचाच असेल तर जुन्या सायकलीचा पर्याय बघावा. पुणे, संभाजीनगरकडे हौसेनं घेऊन बाल्कनीत उभ्या राहिलेल्या पंचवीस-तीस हजारांच्या सायकली निम्म्या किमतीत निघतात.

अशी सायकल बघायला जाताना फडकं न्यावं. नळ्यांच्या जोडांवरची धूळ पुसून, विशेषतः हँडलखालच्या नळीच्या खालच्या बाजूला आणि सीटच्या दांड्यापाशी, केसाएवढी चीर आहे का ते बघावं. ॲल्युमिनियमला चीर असेल तर सायकल फुकटही घेऊ नये. दोन्ही चाकं उचलून फिरवावीत. क्रँक धरून आडवी हलवून बघावी. पट्टीनं चेन मोजावी. आणि पेडलच्या खाली, फ्रेमच्या तळाला कोरलेला नंबर मूळ पावतीवरच्या नंबराशी जुळवावा. पावतीच नसेल तर निदान विकणाऱ्याच्या सहीचा कागद, त्यावर तो नंबर आणि तारीख लिहून घ्यावी.